बिनदोरीचे विमान : नवशिक्याचे पहिले धडे

पतंग उडविणाऱ्याच्या हाती दोर असतो. वारा वाढला की दोर ताणतो, वारा पडला की सैल होतो. पतंग एका अंगाला झुकला तर ते डोळ्यांच्या आधी बोटांना कळते. सिल्वासाजवळच्या रांधा परिसरात काय किंवा शेजारच्या गुजरातेत काय, संक्रांत आली की मुलांची बोटे ही विद्या आपोआप शिकतात. त्यासाठी कोणी शाळा काढीत नाही.

रेडिओच्या लहरींवर उडणाऱ्या छोट्या विमानाला मात्र दोर नसतो. विमान आकाशात, त्याचा चालक जमिनीवर, आणि दोघांमध्ये फक्त अदृश्य लहरी. विमानाला वारा कसा लागतो आहे, ते कोणत्या अंगाला कलते आहे, त्याचा वेग मंदावला आहे की काय, हे बोटांना सांगणारे काहीच नसते. सर्व काही डोळ्यांनी पाहावयाचे आणि मनाने ताडावयाचे. म्हणूनच ज्याला पतंग उत्तम येतो त्यालाही हे विमान पहिल्या दिवशी येत नाही. या छंदातील पहिले धडे कोणते, ते कोणत्या क्रमाने गिरवावेत आणि त्यांत कोणती जोखीम असते, याचा विचार नवशिक्याने विमान विकत घेण्यापूर्वीच केलेला बरा.

खेळण्याचा इतिहास

छोटे विमान हे मोठ्या विमानाचे अनुकरण आहे, अशी सर्वसाधारण समजूत असते. इतिहास नेमका उलट आहे. माणसाला घेऊन उडणारे विमान १९०३ साली राइट बंधूंनी उडविले. परंतु त्याच्या ३२ वर्षे आधी, १८७१ साली, आल्फाँस पेनो या फ्रेंच तरुणाने पॅरिसमधील एका उद्यानात रबराच्या पिळावर चालणारे छोटे विमान उडवून दाखविले होते. ते सुमारे ११ सेकंद हवेत राहिले आणि सुमारे ४० मीटर गेले. शेपटीची योजना नीट असेल तर विमान स्वतःचा तोल स्वतः सांभाळते, हे त्या ११ सेकंदांनी सिद्ध केले. पुढे १८७८ साली राइट बंधूंच्या वडिलांनी मुलांसाठी रबरावर उडणारे एक खेळणे घरी आणले. त्या खेळण्याने आपल्या मनात उड्डाणाची ओढ निर्माण केली, असे त्या बंधूंनी पुढे स्वतःच सांगितले आहे.

रेडिओलहरींनी दुरून यंत्र चालविण्याची कल्पनाही जुनीच. निकोला टेस्ला याने १८९८ साली न्यूयॉर्कमध्ये एक छोटी नौका अशा रीतीने चालवून लोकांना थक्क केले. छोट्या विमानावर हा प्रयोग यशस्वी होण्यास मात्र १९३७ साल उजाडले. अमेरिकेतील वॉल्टर आणि विल्यम गुड या बंधूंपैकी एकाने विमान बांधले आणि दुसऱ्याने त्याची रेडिओयंत्रणा तयार केली. ‘गफ’ नावाचे त्यांचे ते विमान आज अमेरिकेच्या राष्ट्रीय हवाई व अंतराळ संग्रहालयाच्या संग्रहात आहे. एका भावाला लाकूड कळत होते, दुसऱ्याला वीज. दोन विद्या एकत्र आल्या तेव्हाच विमान उडाले. हा छंद शिकू पाहणाऱ्याने ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

आपल्या देशात हा छंद रुजविण्यात राष्ट्रीय छात्र सेनेचा वाटा मोठा आहे. १९४८ च्या कायद्याने ही संघटना स्थापन झाली आणि १९५० साली तिला हवाई विभाग जोडला गेला. विमानांच्या प्रतिकृती बांधणे व उडविणे हा त्या विभागातील छात्रांच्या शिक्षणाचा भाग आहे. मुंबई, पुणे, नागपूर येथे या विभागाची पथके आहेत. दादरा व नगर हवेली हा प्रदेश छात्र सेनेच्या गुजरात संचालनालयाखाली येतो. छात्रांना तीन पायऱ्यांची ओळख होते : केवळ मांडून ठेवण्याची प्रतिकृती, दोन तारांच्या आधारे चालकाभोवती गोल फिरणारे विमान आणि शेवटी रेडिओवरचे विमान. यांतील दुसरी पायरी पतंगाला जवळची आहे. तार हातात असते, तिचा ताण जाणवतो. तिसऱ्या पायरीवर तारही सुटते.

लहरी काय करतात?

चालकाच्या हातातील पेटीला ट्रान्समीटर म्हणतात. तिच्यावर दोन कांड्या असतात. कांडी हलविली की पेटी सांकेतिक लहरी सोडते. विमानातील रिसीव्हर त्या लहरी ओळखतो आणि सर्व्हो नावाच्या छोट्या मोटरींना हुकूम देतो. सर्व्हो आपला इवलासा दांडा तितकाच वळवितात आणि त्याला जोडलेली पंखाची किंवा शेपटीची पट्टी हलते.

चालकाला चार गोष्टी सांभाळाव्या लागतात. पहिली, इंजिनाची किंवा विजेच्या मोटरीची शक्ती. दुसरी, शेपटीवरील आडवी पट्टी, म्हणजे एलेव्हेटर. तिने विमानाचे नाक वर किंवा खाली होते. तिसरी, शेपटीवरील उभी पट्टी, म्हणजे सुकाणू. तिने नाक डावीउजवीकडे वळते. चौथी, पंखांच्या मागील कडेवरील एलेरॉनच्या पट्ट्या. एक वर जाते तेव्हा दुसरी खाली येते आणि विमान एका कुशीवर कलते. कोणती कांडी कशासाठी, याच्या निरनिराळ्या पद्धती आहेत. आपल्या गुरूची जी पद्धत असेल तीच शिष्याने पत्करावी. नाहीतर अडचणीच्या क्षणी गुरूला पेटी हाती घेऊन काहीच करता येणार नाही.

पूर्वी प्रत्येक ट्रान्समीटर एका ठरावीक कंपनसंख्येवर चाले. एकाच मैदानावर दोघांनी तीच कंपनसंख्या वापरली तर विमानाला कोणाचे ऐकावे हेच कळेनासे होई आणि ते कोसळे. म्हणून मैदानावर एक फळा टांगीत. ज्याच्याजवळ त्या कंपनसंख्येचा बिल्ला असेल त्यानेच आपली पेटी सुरू करावयाची, असा दंडक होता. आताच्या २.४ गिगाहर्ट्‌झच्या यंत्रणेत प्रत्येक रिसीव्हर आपल्याच ट्रान्समीटरची खूण ओळखतो, त्यामुळे तो घोटाळा उरलेला नाही. परंतु एक शिस्त कायम आहे. सुरुवातीस आधी ट्रान्समीटर सुरू करावा, मग विमानाची बॅटरी जोडावी. शेवटी आधी विमानाची बॅटरी काढावी, मग ट्रान्समीटर बंद करावा. हा क्रम चुकला तर मालकाविना फिरणारा पंखा हाताला लागण्याचा धोका असतो. तो पंखा मिनिटाला हजारो फेरे घेतो आणि बोटाला क्षमा करीत नाही.

पहिले विमान कसे असावे?

नवशिक्याचे मन बहुधा लढाऊ विमानाच्या प्रतिकृतीवर जडते. तेच त्याने प्रथम टाळावयाचे असते. पहिले विमान दिसावयास साधे असावे. पंख धडाच्या वर बसविलेला असावा, म्हणजे वजन खाली लोंबते आणि विमान सरळ राहू पाहते. पंखांची टोके किंचित वर उचललेली असावीत. मग विमान कलले तरी ते आपण होऊन पूर्वस्थितीला येते. पंखांचा पसारा सव्वा ते दीड मीटर असला तर विमान दुरूनही दिसते आणि सावकाश उडते.

जुन्या काळी ही विमाने बाल्सा या दक्षिण अमेरिकेतील वृक्षाच्या लाकडाची करीत. हे लाकूड अतिशय हलके; त्यावर सुबक काम होते, पण आपटले की त्याचे तुकडे होतात. आज फोमची विमाने मिळतात. ती मोडली तर फोमला चालेल अशा गोंदाने तासाभरात सांधता येतात. शिकणाऱ्याचे विमान आपटणारच, हे गृहीत धरून चालावे. ज्या घरात या छंदासाठी महिनोन्‌महिने पैसे साठवावे लागतात, तेथे पहिल्याच मिनिटाला विमानाचा चुराडा झाला तर मुलाचा छंद तेथेच संपतो. म्हणून दिखाऊ विमानापेक्षा दुरुस्त होणारे विमान हेच खरे स्वस्त विमान. रांध्यासारख्या खेड्यात, जेथे बांबूची कामटी सहज मिळते, तेथे मोडलेल्या पंखाला आधार देण्याची कला मुलांना शिकवावी लागणार नाही. मात्र कामटीचे वजन दोन्ही पंखांवर सारखे पडेल, ही काळजी घ्यावी.

वजनापेक्षाही महत्त्वाचा असतो तोल. पंखाच्या पुढच्या कडेपासून मागे, पंखाच्या रुंदीच्या सुमारे पाव ते एक तृतीयांश अंतरावर, दोन्ही बाजूंना एकेक बोट टेकवून विमान उचलावे. ते आडवे तरंगले किंवा नाकाकडे किंचित झुकले तर ठीक. शेपटीकडे झुकले तर मुळीच उडवू नये. बॅटरी पुढे सरकवावी. नाकाकडे जड झालेले विमान कसेबसे उडते, पण शेपटीकडे जड झालेले बहुधा एकदाच उडते, असे या छंदातील जुनी माणसे सांगतात.

डावे कोणते, उजवे कोणते?

आता सर्वांत अवघड धडा. विमान चालकापासून दूर जात असते तेव्हा त्याचे उजवे ते चालकाचेही उजवे. परंतु मैदानाच्या टोकाला वळून तेच विमान समोरून येऊ लागले की सारे उलटते. आता विमानाचे उजवे ते चालकाचे डावे. शाळेच्या कवायतीत मुलांकडे तोंड करून उभा असलेला शिक्षक ‘उजवा हात वर’ म्हणताना स्वतःचा डावा हात वर करतो, तेव्हाच मुलांना ते नीट कळते. त्याला जे सवयीने साधते, ते नवशिक्याला एका सेकंदाच्या आत साधावे लागते.

ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणारे विमान एका सेकंदात सुमारे ११ मीटर जाते. दोन सेकंद चालकाने ‘डावे की उजवे?’ असा विचार केला, तर तेवढ्यात विमान क्रिकेटच्या खेळपट्टीहून अधिक अंतर काटते. या गोंधळातच पहिली विमाने कोसळतात. वारा नसतो, यंत्र बिघडलेले नसते. चालकाने योग्य वेळी, पूर्ण आत्मविश्वासाने, चुकीच्या बाजूला कांडी नेलेली असते.

यावर एक साधी युक्ती आहे. विमान समोरून येत असताना त्याचा जो पंख खाली जाताना दिसेल, त्याच बाजूला कांडी न्यावी. जणू पडत्या पंखाला खालून टेकू द्यावयाचा आहे. दुसरी युक्ती अशी की, विमान जिकडे जाईल तिकडे चालकाने आपले खांदेही थोडे वळवावेत आणि खांद्यावरून विमानाकडे पाहावे. पण या दोन्ही कुबड्या आहेत. खरी विद्या आली असे तेव्हाच म्हणावे, जेव्हा चालक मनाने विमानात जाऊन बसतो आणि जमिनीवर उभ्या असलेल्या स्वतःला विसरतो. ज्याला आपण सांभाळावयाचे, त्याच्या जागी जाऊन पाहावयाचे, हे या छंदाचे मर्म आहे.

ही सवय लावण्यासाठी संगणकावरील उड्डाणाचा सराव फार उपयोगी पडतो. तेथे शंभर विमाने कोसळली तरी एक पैचा खर्च होत नाही. रोज पंधरावीस मिनिटे, काही आठवडे, असा सराव केलेला विद्यार्थी मैदानावर निम्मा तयार होऊन येतो. उरलेली तयारी गुरूजवळ. दोन ट्रान्समीटर एकमेकांना जोडण्याची सोय असते. गुरूने एक बटन दाबून धरले असता शिष्य विमान चालवितो, ते सोडले की ताबा क्षणात गुरूकडे येतो. सायकल शिकविणारा मागून धरून धावतो, तसेच हे.

हाताला आवर

नवशिक्याचा दुसरा दोष म्हणजे हाताचा अतिरेक. विमान जरासे कलले की तो कांडी टोकापर्यंत ढकलतो. ते दुसरीकडे कलते. तो पुन्हा उलट ढकलतो. असे हेलकावे वाढत जातात. चांगले शिकाऊ विमान कांड्या सोडल्या की बहुधा स्वतःच सावरते. म्हणून गडबड झाली, उंची पुरेशी आहे, तर शक्ती कमी करावी, कांड्या मध्यावर सोडाव्यात आणि एक श्वास घ्यावा. उंची ही नवशिक्याची शिल्लक आहे. आरंभी ६०-७० मीटर उंचीवर मोठमोठी, सावकाश वळणे घेण्यातच पहिले काही दिवस घालवावेत.

तिसरा धोका वेग मंदावण्याचा. विमान खाली येताना दिसले की भीतीने नाक वर ओढण्याची इच्छा होते. नाक फार वर झाले की पंखावरून वाहणारी हवा पंखाला सोडून जाते आणि पंख विमानाला उचलून धरीत नाही. यालाच वैमानिक स्टॉल म्हणतात. त्यावर उपाय मनाला न पटणारा, पण एकच आहे : नाक थोडे खाली करावयाचे आणि शक्ती वाढवावयाची. हा उपाय उंचावर असताना मुद्दाम करून पाहिलेला असावा. जमिनीपासून दोन मीटरवर तो शिकता येत नाही.

उतरणे हे उड्डाणापेक्षा कठीण. उड्डाणाप्रमाणेच उतरतानाही विमानाचे तोंड वाऱ्याकडे हवे. शक्ती कमी करून लांबवरून सरळ रेषेत यावे. रेषा चुकली तर लाज न धरता पुन्हा वर जावे. बॅटरीत पाचवा हिस्सा शिल्लक असतानाच उतरण्याची तयारी करावी, म्हणजे दोनतीन वेळा परत वर जाण्यास वाव राहतो. लिथियम-पॉलिमर बॅटरीचा प्रत्येक घट पूर्ण भरला असता ४.२ व्होल्ट असतो. तो ३ व्होल्टांच्या खाली गेला तर कायमचा निकामी होण्याची भीती असते. आपटून फुगलेली बॅटरी पेट घेऊ शकते. ती सुक्या गवतात ठेवू नये, घरात निजताना चार्जरला लावून ठेवू नये.

मैदान आणि माणसे

भाताची कापणी झाली की रांध्याकडील खाचरे मोकळी होतात. पावसाळ्यात तेथे उड्डाणाचा विचारही करू नये. पण हिवाळ्यातील सकाळी वारा मंद असतो आणि हवा स्वच्छ. ती वेळ नवशिक्याची. दुपारी तापलेल्या जमिनीवरून हवेचे लोट वर उठतात आणि हलके विमान कागदासारखे हेलावते. मैदान निवडताना विजेच्या तारा, रस्ता, घरे, चरणारी गुरे यांपासून दूर जावे. सूर्य पाठीशी राहील असे उभे राहावे. बांधावर आपटून विमानाची चाके मोडतात, म्हणून उतरण्याची जागा आधी पायी चालून पाहावी. जेथे घारी घिरट्या घालतात तेथून विमान बाजूला न्यावे. संक्रांतीच्या दिवसांत मात्र आकाश पतंगांचे असते. मांज्यात अडकलेले विमान कोणाच्या अंगावर पडेल ते सांगता येत नाही. त्या आठवड्यात विमानाने विश्रांती घ्यावी.

हा इशारा किरकोळ नव्हे. एक किलो वजनाचे विमान ताशी ४० किलोमीटर वेगाने एखाद्यावर आदळले, तर तो आघात एक किलोची वस्तू सुमारे ६ मीटर उंचीवरून, म्हणजे दुसऱ्या मजल्यावरून, अंगावर पडल्यासारखा असतो; आणि पुढे फिरता पंखा असतो तो निराळाच. खेड्यात विमान उडताना दिसले की मुले धावत येतात, विमानाच्या खाली उभी राहतात. त्यांना चालकाच्या मागे, एका रेषेपलीकडे बसविणारा एक जबाबदार माणूस जवळ असल्याखेरीज उड्डाण करू नये. त्यांच्या डोक्यावरून विमान नेऊ नये, मग ती कितीही आग्रह करोत.

कायदाही ध्यानात घ्यावा. केंद्र सरकारच्या २०२१ च्या ड्रोन नियमावलीने देशाच्या आकाशाची हिरव्या, पिवळ्या व लाल विभागांत वाटणी केली. हिरव्या विभागात १२० मीटर उंचीपर्यंत उड्डाणाला मोकळीक मिळाली. विमानतळांच्या आसपास ती मर्यादा अधिक कडक झाली. छंदासाठी, शिक्षणासाठी, नजरेच्या टप्प्यात उडवावयाच्या २५ किलोपर्यंतच्या प्रतिकृतींचा त्या नियमांत वेगळा उल्लेख आहे. दादरा व नगर हवेली हा प्रदेश २०२० पासून दमण-दीवशी एकत्र आहे आणि दमण येथे तटरक्षक दलाचे हवाई ठाणे आहे. तेव्हा प्रत्येक नव्या मैदानाचा विभाग नकाशावर पाहून, नोंदणीच्या अटी तपासून आणि शेतमालकाची व ग्रामपंचायतीची संमती घेऊनच विमान बाहेर काढावे.

मोठ्या विमानाचा वैमानिक चुकला तर त्याचा स्वतःचाही जीव धोक्यात असतो. त्या भीतीने तो सावध राहतो. छोट्या विमानाचा चालक जमिनीवर सुरक्षित उभा असतो. त्याच्या चुकीची किंमत दुसरा कोणी देतो. म्हणून ज्या सावधपणाची सक्ती भीती करते, तो त्याने स्वतःच्या मनाने पत्करावा लागतो. रांध्याच्या खाचरात एखाद्या वारली किंवा कोकणा घरातील मुलाने पंखाचा तोल बोटांवर जोखला, वारा कोणत्या दिशेचा ते पाहिले, मागे कोणी उभे आहे का याची खात्री केली आणि वारा वाढलेला दिसताच ‘आज नको’ म्हणून विमान पुन्हा पेटीत ठेवले, तर त्या दिवशी उड्डाण झाले नाही तरी त्याचा धडा पूर्ण झाला असे समजावे. वारा उद्या सकाळी पुन्हा मंद होईल.